आत्तीचा नाइट वॉचमन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. सुगलाबाई, माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. आयुष्यभर विड्या वळल्या. आमच्या घरातला पदवी घेतलेला मी पहिला माणूस, आणि मला तिथवर पोचवण्यासाठी तिनं जे केलं ते सांगायला गेलं तर फारच किरकोळ वाटतं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तिनं माझ्या वडिलांची गाडी चुकवली. एवढंच.

हे परत आठवलं ते मार्च महिन्यामुळं. सरकारी कचेरीत मार्च लागला की सगळे क्रिकेटची भाषा बोलू लागतात. परवाच्या बैठकीत साहेब म्हणाले की शेवटच्या ओव्हर चालू आहेत, आता एकही कॅच सुटता कामा नये. निधीचा विषय निघाला तेव्हा बॉल कोषागाराच्या कोर्टात असल्याचं कळलं. मध्येच टेनिस येऊन गेलं, पण ते कुणाला खटकलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडम हळूच म्हणाल्या की वर्षभर आपण मैदानात पाणी नेऊन द्यायचं काम केलं, आता एकदम हातात बॅट दिली. मी हसू दाबत खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या कडुनिंबाची पानं गळून पडत होती आणि कुंपणाच्या सावलीत दोन मुली पुस्तक उघडून उभ्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. परीक्षेचे दिवस. सोलापुरात या दिवसांत सकाळी अकरालाच रस्ता तापतो आणि नळाचं पाणी कोमट येतं.

खेळातले शब्द आपण किती सहज वापरतो याचा मी अलीकडे बराच विचार करतो. लहानपणी दुधनीच्या आमच्या गल्लीत पकडापकडी खेळताना ज्याच्यावर पाळी येई त्याच्यावर ‘राज्य’ आलं असं आम्ही म्हणायचो. राज्य आलेला पोरगा रडवेला होई, ते दुसऱ्याच्या अंगावर कधी घालीन असं त्याला होऊन जाई. राज्य मिळावं म्हणून माणसं धडपडतात हे मला फार उशिरा, वर्तमानपत्र वाचायला लागल्यावर कळलं. मैदानात खो दिला की बसलेला गडी उठून धावतो. कचेरीत एखाद्या कामाला कुणी खो घातला की धावणारा माणूस बसतो. आखाड्यातले पेच आणि डाव, पत्त्यांतली हुकमाची पानं, पटावरचे फासे, सगळं आपण घरात आणून ठेवलंय. लग्न जुळवताना काढतो, भाऊबंदकीत काढतो, दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून काढतो.

का बरं? मला वाटतं, खेळातल्या हरण्याला शेवट असतो. शिट्टी वाजते, माणसं गुडघ्यावरची माती झटकतात आणि जेवायला घरी जातात. जगण्यातल्या हरण्याला अशी शिट्टी नसते. म्हणून आपण मैदानातला शब्द उसना आणत असू. तो लावला की दुःखाला जरा काठ येतो, ते हातात धरता येतं.

आत्ती असंच करायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि वर्षाच्या आत तेही गेले. कुणी विचारलं की आत्ती विडीवरची नजर न काढता म्हणायची, “आमचं मालक रनआउट झालं. पळ म्हनलं दुसऱ्यानंच, बाद झालं हे.” विचारणारा माणूस क्षणभर गोंधळायचा.

हे शब्द तिच्याकडं आले रेडिओतून. मामांच्या मागं राहिलेला, कातडी पिशवीतला जुना रेडिओ तिच्या गुडघ्याशी ठेवलेला असे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं आपोआप चाललेली. विड्या वळताना हात गुंततात, डोळे गुंततात, कान तेवढे मोकळे राहतात. गाणी लागली की तिला मामांची आठवण येई, म्हणून ती कसोटी सामने लावी. पाच पाच दिवस कुणीतरी शांतपणे बोलत राहतं, हे तिला बरं वाटे. सामना तिनं डोळ्यांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यामुळं तिच्या मनातलं मैदान जगावेगळं होतं. ‘गल्लीतून चेंडू गेला’ असं ऐकून तिची पक्की समजूत होती की मैदानाला लागून आपल्यासारखीच एक गल्ली असणार, आणि तिथल्या बायका पोरांना आत ओढून घेत असणार. गल्ली हे क्षेत्ररक्षकाच्या जागेचं नाव, असं मी समजावून सांगितलं, तर म्हणाली, “असू दे की. माज्या मैदानात हाय गल्ली.”

मी तिच्याकडं राहायला आलो तो हिवाळा सरता सरता. बारावीला मी इंग्रजीत नापास झालो होतो, मार्चला एकदा आणि ऑक्टोबरला पुन्हा. दुधनीत माझी विकेट पडल्याची बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. कट्ट्यावरच्या पोरांनी पहिल्यांदा क्लीन बोल्ड म्हटलं, दुसऱ्यांदा काहीच म्हटलं नाही, आणि ते न म्हणणंच जास्त लागलं. तेव्हा आत्तीनं निरोप धाडला, पोराला माझ्याकडं द्या, हितं इंग्रजीचा क्लास हाय. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हो म्हटलं. मनापासून नव्हे, थोरल्या बहिणीला नाही म्हणायची त्यांची रीत नव्हती म्हणून.

त्या दिवसांची म्हणून माझ्याजवळ जी काही आठवण आहे तिला तंबाखूचा वास आहे. वही उघडली की पानात तंबाखूची भुकटी सापडे आणि शिंक येई. पलीकडच्या गल्लीतले माग दिवसभर खटखटत आणि त्या तालावर मी इंग्रजी क्रियापदांची रूपं पाठ करी; आजही ती रूपं मला त्याच तालात आठवतात. मधल्या खोलीत माझी चटई, बाहेरच्या खोलीत आत्ती आणि तिचा रेडिओ. दुपारी शेजारच्या खाला येऊन बसत. त्यांची मुलगी रिझवाना मराठी शाळेत सातवीत होती; माझं पाठांतर ऐकून ती चुका काढी आणि पळून जाई.

आप्पा आले तो शनिवार होता. रेडिओवर कसोटीचा चौथा दिवस. आपली बाजू पडती होती आणि उन्हं उतरताना पाठोपाठ दोन गडी बाद झाले. तेवढ्यात निवेदक म्हणाला की आता नाइट वॉचमन येतोय. आत्तीनं मला हाक मारून विचारलं, हा कोण नवीन? मी सांगितलं. दिवस संपत आलाय, उजेड कमी झालाय, गोलंदाज चवताळलेत. अशा वेळी चांगल्या फलंदाजाला बाहेर काढत नाहीत. त्याच्या जागी एखादा साधा गडी पाठवतात. त्यानं धावा काढायच्या नसतात. फक्त सकाळ होईपर्यंत टिकायचं.

आत्तीनं विडीला दोरा गुंडाळला. विचार करून म्हणाली, गरीब बिचारा.

आणि दारात आप्पा उभे राहिले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, डोक्याला पटका. ते दुधनीच्या बाजारात हमाली करत. तरुणपणी जत्रांतून कुस्त्या खेळलेले. पाठ दुखावल्यावर आखाडा सुटला आणि तीच पाठ पोत्यांखाली गेली. पण बोलणं शेवटपर्यंत आखाड्यातलं राहिलं. माणसानं जोड बघून हात घालावा, हे त्यांचं आवडतं वाक्य. जत्रेत कुस्ती लावण्याआधी दोन्ही पोरांना हाताला धरून गोल फिरवतात, आणि जोड बरोबरीची नाही असं लोकांना वाटलं तर ती कुस्ती लावत नाहीत. आप्पा सगळ्या जगाकडं तसंच बघायचे.

ते कशासाठी आले हे त्यांनी पाणी पिता पिताच सांगितलं. अडतीतले, म्हणजे आप्पा पोती वाहत त्या पेढीवरचे, जुने दिवाणजी काम सोडून चालले होते. मालकानं आप्पांना बोलावून विचारलं होतं, तुझं पोरगं लिहितं वाचतं ना, सोमवारी आण. हमालाच्या पोराला गादीवर बसून लिहायचं काम. तुरीचा हंगाम जोरात होता, मालक थांबणार नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं मला घेऊन परत जायचं आणि सोमवारी सकाळी अडतीवर उभं करायचं, असं ते ठरवून आले होते. मी मधल्या खोलीत दाराआड उभा राहून हे ऐकत होतो. मार्चचा पेपर एका महिन्यावर आला होता. आणि खरं सांगतो, आप्पांचं चुकतंय असं मला वाटत नव्हतं. पोत्याखालून मला बाहेर काढण्याचा तेवढाच एक रस्ता त्यांना दिसत होता.

आत्ती म्हणाली, एवढी एक परीक्षा दिऊ दे की.

“दोनदा पाट टेकली त्याची, अक्का. इंग्रजी त्याची जोड न्हाय. निकाल लागला म्हनायचा आन् माती झटकून उटायचं.”

“ते तुज्या कुस्तीत. हितं दुसरा डाव असतोय.”

“मग झालं की दोन डाव. एक मार्चला, एक आक्टोबरला.”

आप्पांनी तिच्याच मैदानात येऊन तिला गाठलं होतं. मग ती चहाचा डबा घ्यायला म्हणून आत आली, माझ्याजवळ थांबली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “तू आतच ऱ्हा. काय बी झालं तरी भाईर यिऊ नगंस.”

त्यानंतर तिनं जे केलं ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. तिनं वाद घातला नाही. आप्पा जे म्हणतील त्याला ती व्हय म्हणत गेली. व्हय, मालक चांगला हाय. व्हय, जागा परत मिळायची न्हाय. आणि प्रत्येक व्हयच्या मागं एक काम. चुलत्याच्या सुनेला दिवस गेलेत म्हणे, खरं का? स्टोची पिन बसत नाही, जरा बघ की. पत्रा वाजतोय रात्रीचा, त्यावर एक दगड ठेव. आप्पा पत्र्यावर चढले, उतरले. मग तिला आठवलं की आजच्या विड्या कारखान्यात पोचवायच्या राहिल्यात आणि तिचा गुडघा धरलाय. आप्पांनी डोक्यावर पाटी घेतली. कारखान्यात विड्या तपासून घेणारा माणूस प्रत्येक जुडी हातात घेऊन दाबून बघतो; घाई तिथं कुणाचीच चालत नाही. आप्पा परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी पटका बांधायला घेतला, तर खाला दारात. मागं रिझवाना, हातात कपबशी.

“हमारे घर की चाय पिए बगैर कैसा जातें जी, भाई?”

आप्पांनी ती बशी हातात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. त्यांना सगळं कळलं होतं. चहा संपेपर्यंत आत्तीनं तव्यावर भाकरी टाकली होती, आणि बहिणीच्या तव्यावरची भाकरी सोडून उठणारा माणूस आमच्याकडं अजून जन्माला यायचा आहे. दुसरा घास घेताना ते म्हणाले, गेली असंल गाडी. आत्ती म्हणाली, काय की बाई, मला कुटं घड्याळ कळतंय. आणि त्यांच्या ताटात शेंगाचटणी वाढली.

पण चुकलेल्या गाडीनं काहीच मिटलं नव्हतं. रविवारी सकाळी गाडी होतीच.

सकाळी आप्पा आंघोळ करून, पटका बांधून बाहेरच्या खोलीत बसले. आत्तीनं रेडिओ लावला आणि सूप मांडीवर घेतलं. मला तिनं रात्रीच सांगून ठेवलं होतं, हाक मारल्याशिवाय यायचं नाही. मी पुस्तक धरून बसलो, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ. आप्पा क्रिकेटला खेळ मानत नसत; अंगाला माती लागत नाही तो कसला खेळ. तरी रेडिओ समोर असल्यावर ऐकू येतंच.

“ह्यो कोन? ह्याचंच नाव सारकं घ्यायलेत.”

“नाइट वॉचमन हाय. कालपासनं उबा हाय.”

“चांगला खेळतोय की.”

“न्हाय, त्याला खेळाया येत न्हाय.”

“मग धाडलं कशाला?”

“ज्याला येतंय त्याला अंधारात धाडू नये म्हनून.”

रेडिओवर त्या बिचाऱ्याच्या बोटावर चेंडू लागला, खेळ थांबला, कुणीतरी धावत आलं, फवारा मारला, आणि तो पुन्हा उभा राहिला. आप्पांच्या तोंडून कुस्ती बघताना निघायचा तसा हुंकार निघाला. ते जरा पुढं सरकले. गाडीची वेळ झाली, स्टेशन पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, आणि आप्पा उठले नाहीत. आत्तीनं त्यांना थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बोटं चालत राहिली. दोघं बहीणभाऊ एका अनोळखी माणसाच्या टिकण्याकडं कान लावून बसले होते, आणि दाराआड मी.

शेवटी तो बाद झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्याचा आवाज आला.

“गेला?” आप्पांनी विचारलं.

“गेला.”

“किती केलं त्यानं?”

“काय की. दहाच्या आतच असतील.”

आप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले आणि त्यांनी मला हाक मारली. मी बाहेर आलो. माझ्याकडं न बघता, पटक्याचं टोक खोचत ते म्हणाले, “मार्च हुईस्तवर ऱ्हा हितं. मालकाला मी सांगतो काय सांगायचं ते.” आणि दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. तो सामना आपण जिंकला, हरलो की वाचवला, हे मला आज खरंच आठवत नाही.

अडतीतल्या त्या जागेवर दुसऱ्या एका मुलाला बसवलं. सुट्टीत मी दुधनीला जाई तेव्हा तो गादीवरून मान हलवून ओळख देई, आणि त्याच्यासमोरून आप्पा पोतं घेऊन जात. त्यांनी मला पुढं कधीही त्या जागेबद्दल ऐकवलं नाही. पाठ दुखली की आईला म्हणत, आज हवा दमट हाय.

पुढं कॉलेजात, नोकरीत, शिकलेल्या माणसांत वावरताना मी लोकांना षटकारांबद्दल बोलताना ऐकत आलो. कुणी कशी बाजी मारली, कुणी कुणाला कसं चीत केलं. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा वर आलेल्या माणसाला विचारलं तर त्याच्या गोष्टीत मात्र बहुतेक वेळा कुणीतरी नुसतं उभं राहिलेलं सापडतं. भांडण न जिंकलेलं, उत्तर न सुचलेलं, तरी जागेवरून न हललेलं. त्यांच्या नावापुढं धावा नसतात. बाद झाल्यावर जरा टाळ्या पडतात आणि मग सगळे पुढच्या फलंदाजाकडं बघू लागतात. मीही बराच काळ स्वतःकडंच बघत राहिलो.

आत्ती आता थकली आहे. कानाला कमी येतं, विड्या सुटल्या, घरात टीव्ही आहे. गेल्या आठवड्यात गेलो तर वीस षटकांचा सामना लावून बसली होती. दिवे लखलखत होते. मला म्हणाली, दिवसासारका उजेड करत्यात, मग अंधाराला भिनार कोन? मी म्हटलं, बरंच आहे की. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, तुझी पोरगी कितवीला हाय? बारावीला, म्हटलं. पेपर चालू आहेत. तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला आणि कसे गेले पेपर ते एकेक विषय घेऊन विचारत बसली.

त्या वर्षी जूनमध्ये माझा निकाल लागला तेव्हा मी दुधनीत होतो. आत्तीला मी पत्र पाठवलं. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं होतं. कच्चं पान माझ्या इंग्रजीच्या गाइडमध्ये राहून गेलं, म्हणून आज ते शब्दाला शब्द उतरवता येतं.

तीर्थस्वरूप आत्तीस,
सिद्रामचा शिरसाष्टांग नमस्कार.

रिझवाना, हे हळू आणि मोठ्यानं वाच. आत्तीला आधी मांडीवरचं सूप खाली ठेवू दे.

आज निकाल लागला. मी पास झालो. इंग्रजीतसुद्धा. काठावरच आहे, पण पास म्हणूनच लिहिलंय.

आप्पांना सांगायला मी अडतीवर गेलो. ते पोतं घेऊन चालले होते. मी म्हणालो, आप्पा, पास. त्यांनी मान हलवली, पोतं थप्पीला लावलं आणि मगच परत आले. टाकीजवळ जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होते. मालक बाहेर आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले, तर आप्पा म्हणाले, आमच्या अक्काचं पोरगं पास झालं. मी म्हणालो, आप्पा, मी तुमचा आहे. तर म्हणाले, म्हाईत हाय.

कॉलेजात नाव घालायला मंगळवारी सोलापूरला येतो. आप्पापण येणार आहेत. रात्री तुझ्याकडं एक माणूस जास्त झाला तर चालेल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, चालेल. तर या खेपेला त्यांच्या गाडीची काळजी करू नकोस. ते राहायचं म्हणूनच येत आहेत.

तुझा,
सिद्राम